मनी गेल्यावर तिची आठवण कशी जपायची

आमची मांजर मनी १७ वर्षं होती घरात, इंदूरला राजेंद्रनगरला राहायला आलो तेव्हा बुटाच्या खोक्यात मावायची, तर ज्यांच्याकडे असंच कोणी नुकतंच गेलंय त्यांच्यासाठी लिहितेय.

अंगणात पुरणार असाल तर खड्डा किमान ३ फूट खोल हवा, नाहीतर कुत्री उकरतात, आणि प्लास्टिकमध्ये अजिबात गुंडाळू नका, जुनं सुती कापड घ्या, आम्ही आईच्या लुगड्याचा तुकडा घेतला. आपली माळव्याची काळी माती पावसात फुगते न उन्हात भेगाळते, म्हणून वर थोडा उंचवटा ठेवा आणि नंतर माती बसली की परत भर घाला. वर मोगरा लावा. लिली मात्र नको, घरात दुसरी मांजर असेल तर तिच्यासाठी ती विषारी, किडन्या जातात.

ब्रशमध्ये अडकलेले केस फेकू नका हो! छोट्या काचेच्या डबीत ठेवा. मनीचे केस मुळाशी राखाडी न टोकाला पांढरे होते, हे मला ती गेल्यावर दिसलं.

फोनमधले फोटो, व्हिडिओ लगेच दुसरीकडे कॉपी करा, तिचा आवाज असलेले आधी.

आणि घरातल्या प्रत्येकाला एकेक आठवण विचारून वहीत लिहा. बाबा दोन दिवस बोललेच नाहीत, मग त्यांनीच सांगितलं की सकाळी पोह्यांची कढई उतरली की ती त्यांच्या पायावर पंजा ठेवून मटाराचा दाणा मागायची, फक्त एकच. तिची वाटी अजून ओट्याखालीच आहे, तुम्हीही उचलायची घाई करू नका.