हेड गॅस्केट गेलंय? घरी बदलायचं असेल तर असं करा

कूलंट रोज कमी होतंय पण गाडीखाली एक थेंब नाही, इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही, गाडी तापते, असं सगळं जुळून आलं तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्या मधल्या सीलचा, संशय घ्यायचा. तरी लगेच पाना हातात घेऊ नका. डिपस्टिक काढून बघा, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतंय का. नुसत्या ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढुरका थर असेल तर तो थंडीत छोट्या फेऱ्या मारूनही येतो, त्यावरून निष्कर्ष काढू नका. ब्लॉक टेस्टचं किट मिळतं, त्यातलं निळं द्रव्य रेडिएटरच्या तोंडावरची हवा ओढून पिवळं झालं तर पेट्रोल इंजिनात जळालेला गॅस कूलंटमध्ये जातोय हे नक्की. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजताना, शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी दाब दाखवत असतील तर गॅस्केट बहुतेक त्या दोघांच्या मधेच गेलंय.

त्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवल्याशिवाय सुरुवात करूच नका, कारण टॉर्कचे (बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचे) आकडे आणि बोल्टचा क्रम प्रत्येक इंजिनाचा वेगळा असतो.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं कूलंट अंगावर येतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कूलंट आणि ऑइल काढून घ्या. कूलंट उघडं ठेवू नका, ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं पितात आणि मरतात. मग इनटेक, एक्झॉस्ट, होजपाइप, वायरी, प्रत्येक कनेक्टरला चिकटपट्टी लावून नाव लिहायचं आणि मोबाइलवर फोटो काढत जायचं. पहिला सिलिंडर टॉप डेड सेंटरला, म्हणजे त्याचा पिस्टन सगळ्यात वर येईल तिथे, आणा, टायमिंगच्या खुणा जुळवा आणि मगच क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्टला जोडणारा टायमिंग बेल्ट किंवा चेन काढा. बेल्ट निघाल्यावर क्रँक किंवा कॅम उगाच फिरवू नका, बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून व्हॉल्व्ह वाकतात.

हेडचे बोल्ट बाहेरून आतल्या बाजूला, थोडे थोडे करत सैल करायचे, एकदम एकच बोल्ट पूर्ण सोडला तर हेड वाकू शकतं. हेड निघालं की जमिनीवर पालथं ठेवू नका, उघडे व्हॉल्व्ह खाली आलेले असतात, लाकडाच्या दोन पट्ट्यांवर ठेवा. आता जुनं गॅस्केट नीट बघा, जिथून गळत होतं तिथे, बऱ्याचदा दोन सिलिंडरच्या मधे, काळा जळका पट्टा दिसतो.

माझ्या मते खरं काम इथून पुढे आहे आणि लोक नेमकी इथेच घाई करतात. गॅस्केट बहुतेक वेळा आपोआप जात नाही, इंजिन तापतं, ॲल्युमिनियमचं हेड वाकतं आणि मग गॅस्केट जातं, त्यामुळे वाकड्या हेडवर नवीन गॅस्केट बसवलं तर तेही जाणार. स्टीलची सरळ पट्टी हेडवर उभी, आडवी आणि तिरपी ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघा. मर्यादा मॅन्युअलमध्ये असते, बऱ्याच गाड्यांत ती 0.05 ते 0.1 मिमीच्या आसपास असते. त्याच्यावर गेलं तर हेड मशीन शॉपला फेस करायला, म्हणजे घासून सपाट करायला, द्या, आणि दिलंच आहे तर क्रॅकसाठी प्रेशर टेस्टही करून घ्या. ब्लॉकचा वरचा भागही पट्टीने तसाच तपासा.

ब्लॉक साफ करताना ग्राइंडरला खरखरीत चकती लावू नका, त्याची बारीक पूड ऑइलमध्ये जाऊन बेअरिंग खाते. प्लास्टिकचा स्क्रॅपर आणि ब्रेक क्लीनर पुरतो, वेळ लागतो पण लागू द्या. बोल्टच्या भोकात ऑइल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना दाब येऊन ब्लॉकला तडा जाऊ शकतो, म्हणून प्रत्येक भोक हवेने कोरडं करा, डोळ्यांवर चष्मा लावून.

नवीन गॅस्केटवर वरच्या बाजूची खूण असते ती बघूनच ठेवा, आणि मॅन्युअलने सांगितलं नसेल तर सीलंट लावू नका. आवळताना कायमचे ताणले जाणारे बोल्ट असतील तर नवेच घ्या. आता आवळायचं मधल्या बोल्टपासून बाहेर, टप्प्याटप्प्याने, आधी टॉर्क पान्याने आणि मग मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या अंशात फिरवून.

बेल्ट चढवल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, अडकलं तर जोर लावू नका, टायमिंग परत बघा. सगळं उघडलेलंच आहे तर थर्मोस्टॅट बदला, वॉटर पंप आणि फॅन तपासा, कारण मुळात गाडी का तापली हे सापडल्याशिवाय काम संपलेलं नाही.

नवीन ऑइल, फिल्टर आणि कूलंट भरून हीटर फुल गरमवर ठेवून इंजिन चालवा म्हणजे सिस्टीममधली हवा निघते, तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा. आधी ऑइलमध्ये पाणी गेलं होतं तर काहीशे किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर परत बदला, आणि पुढचे काही दिवस सकाळी थंड इंजिनावर कूलंटची पातळी बघत राहा.