पुराची धास्ती, पोरं आणि घरातला मोबाईल

मी निपाणी भागात हायस्कूलला शिकवते, डॉक्टर नव्हे. वेदगंगेकाठच्या माझ्या पोरांनी २०१९ चा पूर बघितलाय. ढग दाटले की त्यांचं लक्ष फळ्यावरून उडतं.

आधी फोनचं बघा. घरात एकच, तोही बाबांच्या खिशात. रोज अर्धा तास पोराला द्या आणि त्यात त्यानं लिहिलेलं वाचणार नाही असा शब्द द्या. पुराचे व्हिडिओ फिरवणारे ग्रुप म्यूट करा. पाणीपातळी सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, एवढीच बघायची.

चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर: हे आजीच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. पावसात रेंज जाते, रेकॉर्डिंग जात नाही. श्वासाची ॲप बहुतेक इंग्रजीत, पोरांना परीक्षाच वाटते ती.

मग भीतीच्या पायऱ्या. कशाची किती भीती वाटते ते फोनच्या नोट्समध्ये शून्य ते दहा आकडे देऊन लिहायचं: पावसाचा नुसता आवाज, नदीचा व्हिडिओ, पावसात खिडकीशी उभं राहणं, पाणी ओसरल्यावर मोठ्यांसोबत पूल. तीनच्या पायरीपासून सुरू. भीतीचा आकडा निम्म्यावर येईपर्यंत तिथंच थांबायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घाई करू नका, टोमणे तर नकोतच. पाणी खरंच चढत असेल तेव्हा हा सराव बंद. तेव्हाची भीती कामाची असते, सामान बांधा.

झोप आठवडेच्या आठवडे उडाली, पोर शाळेत जाईनासं झालं, तर टेलिमानसला, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन लावा. फुकट, रात्रंदिवस, मराठी-कन्नड दोन्ही चालतं. मरणाची भाषा आली तर त्याच क्षणी लावा, आणि पोराला एकटं सोडू नका.