विणीच्या हंगामात साप बदलतो तेव्हा

विणीच्या हंगामात कुणी म्हणालं, "साप एकदम चिडका झालाय," की मी आधी दोनच गोष्टी विचारते. नर आहे की मादी? आणि शेवटची कात कधी टाकली? नराची धावपळ आणि मादीची चीड यांची कारणं निराळी असतात, त्यामुळे आपण वागायचं तेही निराळं. मी लिहितेय ते घरात पाळल्या जाणाऱ्या बिनविषारी सापांबद्दल: बॉल पायथन (हा एक छोटा अजगर), कॉर्न स्नेक, किंगस्नेक, बोआ.

आधी नर. काजळ हा माझा बॉल पायथन एरवी दिवसभर लपणीत पडून असतो. हंगाम आला की रात्रभर टाकीच्या कडेकडेने फिरतो, झाकणाच्या फटीला नाक लावून रेटा देतो, आणि समोर धरलेला उंदीर हुंगून सरळ निघून जातो. हा राग नाही, तो मादी शोधतोय. मादीच्या कातडीवरच्या स्निग्ध थरात तिचा गंध असतो. नर तो जिभेने टिपतो आणि टाळूतल्या जेकबसन अवयवाकडे पोचवतो. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात हजारो गार्टर साप एकत्र शीतनिद्रा घेतात. त्यांच्यावरच्या अभ्यासात हा गंध मिथाइल किटोन नावाच्या रसायनांचा असल्याचं दिसलं. त्याच सापांनी आणखी एक गोष्ट दाखवली: नराचं प्रणयाराधन सुरू होतं ते थंडीनंतर वाढणाऱ्या तापमानामुळे, आणि त्या वेळी त्याच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन हे नर-संप्रेरक कमीच असतं.

प्रत्येक जातीचं गणित हेच असेल असं नाही. तरी तापमानाची नोंद ठेवाच. खोली गार झाली आणि पुन्हा तापली की एकटा ठेवलेला नरही अस्वस्थ होऊ शकतो, घरात मादी असो वा नसो.

नरासाठी करायचं ते असं. झाकणाला कुलूप किंवा पक्की खिटी लावा, कारण हंगामातला नर एरवी न सापडणारी फट शोधून काढतो. जाळीवर नाक घासून तोंडाचं टोक सोलवटतं, म्हणून खरखरीत जाळी आतून झाका आणि लपायला एक जागा वाढवा. हाताळायची वेळ आली तर आधी नर, मग मादी. मध्ये हात साबणाने धुवा. मादीचा वास लागलेला हात नराच्या टाकीत गेला की तो तुमच्या मनगटाभोवती वळवळत राहील, आणि तुम्ही त्याला आक्रमक समजाल. खाणं रोज पुढे करू नका. दोन आठवड्यांतून एकदा द्या, नाही घेतलं तर काढून घ्या. बॉल पायथनचा धट्टाकट्टा नर कित्येक महिने उपाशी राहून नंतर मुकाट्याने खायला लागतो. वजन मात्र दर आठवड्याला करा. हंगामाआधीच्या वजनात १० टक्क्यांच्या आसपास घट झाली की जुळणी, म्हणजे नर-मादी एकत्र सोडणं, थांबवायची, हा मी पाळत असलेला नियम आहे.

दोन नर एका टाकीत कधीच नकोत. ते एकमेकांना पिळे घालून दाबतात, काही जाती चावतातही. जोर चढावा म्हणून काही जण मुद्दाम नरांची झुंज लावतात. मला ते अजिबात पटत नाही. हरलेला नर पुढे दबून राहतो, आणि जखमा होतात त्या वेगळ्याच.

मादीचं वागणं टप्प्याटप्प्याने बदलतं, म्हणून नुसतं "हंगाम चालू आहे" एवढं कळून भागत नाही. पोटात अंडकोशिका (पुढे अंडी होणारी बीजं) वाढत असताना बॉल पायथनची मादी अधाशासारखी खाते. दार उघडताच होणारी झडप या काळात बहुतेकदा भुकेची असते. हात घालण्याआधी साप हाताळायच्या आकडीने (हुकने) तिच्या अंगाला हलकेच स्पर्श करा, म्हणजे खाणं आलेलं नाही हे तिला समजतं. पुढे ती गार बाजू धरते, पाण्याच्या भांड्याला वेटोळं घालून बसते, कधी पोट वर करून पडते. मग एखाद दिवस अंगाचा मधला भाग मोठं भक्ष्य गिळल्यासारखा फुगतो. ते बीजमोचन, म्हणजे बीजं अंडाशयातून सुटणं. इथून पुढे हाताळणी बंद. साफसफाईलाही घाई नको. त्यानंतर ती एक कात टाकते, आणि त्या कातेपासून सुमारे ३० दिवसांनी अंडी घालते. कॉर्न स्नेकमध्ये ही मुदत बरीच कमी असते, आठवडा ते दोन आठवडे. माझी कॉर्न स्नेक, केशर, या दिवसांत शेपटी थरथरवून इशारा देते आणि अन्न नाकारते. मी फक्त ओलसर मॉस भरलेला डबा ठेवते आणि टाकीवर कापड टाकते.

किंगस्नेकची गोष्ट वेगळी, कारण ते दुसरे सापही खातात. जुळणीआधी दोघांना पोटभर खाऊ घाला, पचायला दिवस द्या, आणि एकत्र असेपर्यंत समोरून हलू नका. नर मादीची मान तोंडात धरतो तेव्हा घाबरू नका, ती त्यांची रीत आहे. पिळे आवळले जात असतील तर मात्र लगेच वेगळे करा.

अंड्यांवर बसलेली अजगर मादी सगळ्यात कडक. बर्मी अजगराची मादी तर स्नायू थरथरवून अंड्यांना ऊब देते. अशा मादीला समोरून हात लावायचा नाही. डोक्यावर हलका टॉवेल टाका, वेटोळं शेपटीकडून सावकाश सोडवा, आणि अंडी गोल न फिरवता तशीच उचला. वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण केलेली बरी. नंतर मादीला कोमट पाण्याने धुवा आणि टाकीतलं सगळं अंथरूण बदला. अंड्यांचा वास उरला तर ती रिकाम्या जागेवरच बसून राहते आणि खात नाही.

एकटी मादी पाळणाऱ्यांनो, हे तुम्हालाही लागू आहे. नराशिवायही मादी बिनफलित अंडी घालू शकते, आणि त्याआधीची चीड तीच असते.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती "हंगाम आहे, होईल नीट" असं म्हणून दुखणं अंगावर काढण्याची. तोंडाशी बुडबुडे, श्वासाची शिट्टी, तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, नराचं लिंग बाहेर राहून आत न जाणं, मादीने काही अंडी घालून थांबणं आणि पोटात गाठी तशाच राहणं: यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य गाठा. अडकलेली अंडी घरी दाबून काढू नका, आत फुटतात. बरोबर वही न्या. कात, वजन, खाणं, जुळणीच्या तारखा आणि टाकीचं तापमान एवढं लिहिलेलं असलं की डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो.

अंडी घातल्यावर मादीला नेहमीपेक्षा लहान भक्ष्यापासून सुरुवात करून द्या, आणि वजन पूर्ववत होईपर्यंत पुढच्या हंगामाचा विचारही करू नका. अंगावर मांस न चढलेल्या मादीला मी पुढचं वर्ष सरळ सुट्टी देते.