परदेशस्थ हिंदूंचा अभ्यास फोंड्यापासून सुरू करा

परदेशातल्या हिंदूंचा धर्म आणि त्यांची ओळख या विषयावर काम करायचं ठरलं की नवा विद्यार्थी त्रिनिदाद, मॉरिशस, न्यू जर्सी अशी यादी घेऊन बसतो. ती लागतेच. 1834 पासून मॉरिशसला आणि 1845 पासून त्रिनिदादला नेलेले गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, आणि 1965 च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेत गेलेले डॉक्टर-इंजिनिअर यांच्या देवळांत फरक का, हे समजल्याशिवाय पुढचं वाचन डोक्यात शिरत नाही. पण गोव्यात राहून हा अभ्यास करणाऱ्याला मी आग्रहाने सांगते, आधी फोंड्याची बस पकडा.

इथे देवांनाच गाव सोडावं लागलं. कुशस्थळीचा मंगेश 1560 मध्ये जुवारी नदी ओलांडून प्रियोळला आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदोड्याला. गोव्याच्या साष्टी भागात पोर्तुगीज देवळं पाडत होते आणि फोंडा आदिलशाहीत होता. फोंडा पोर्तुगीजांच्या हाती पडला तो 1763 मध्ये. काही कुटुंबं देवाबरोबर आली, काही कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत पांगली, काही बाटली आणि मूळ गावातच राहिली. सुटलेलं गाव, परतीची ओढ, नव्या जागी पुन्हा उभं केलेलं दैवत, हे डायस्पोराच्या, म्हणजे मायदेशाबाहेर पांगलेल्या समाजाच्या, पुस्तकात जे जे वाचाल ते सगळं एका तालुक्यात पायी फिरून पाहता येतं.

दुसरं म्हणजे कागद. गोव्यातल्या देवस्थानांचा कारभार महाजनांकडे, म्हणजे त्या देवळावर वंशपरंपरेने हक्क असलेल्या कुटुंबांकडे, असतो. पोर्तुगीज सरकारने 1886 मध्ये त्यासाठी नियम केले, 1933 मध्ये ते नव्याने बांधले, आणि आजही देवस्थानांवर देखरेख मामलेदाराची असते. महाजनांची अधिकृत यादी, म्हणजे कतालोग, हा आपल्या विषयातला फार मोलाचा दस्तऐवज आहे. कोण कुळाचा आणि कोण नाही, हे तिथे लिहिलेलं असतं. मुंबईला, नैरोबीला, लंडनला गेलेल्यांची मुलं त्यात नाव घालायला येतात तेव्हा ओळख कशी सिद्ध करावी लागते, हे समोर दिसतं.

देवळाच्या अग्रशाळेच्या, म्हणजे भक्तांच्या निवासाच्या, कचेरीत सकाळी बसून पाहा. पावतीपुस्तक, फोन, अभिषेकाच्या तारखांची वही. मी बसले होते त्या दिवशी टोरोंटोहून एका बाईंचा व्हिडिओ कॉल आला. मुलाच्या लग्नाबद्दल कौल घ्यायचा होता. भटजींनी त्यांचं गाऱ्हाणं देवीपुढे मांडलं, ओल्या कळ्या मूर्तीला लावल्या आणि बाई तिकडे मध्यरात्री जाग्या राहून उजवी कळी पडायची, म्हणजे देवीच्या होकाराची, वाट पाहत होत्या. त्याच बाई दर रविवारी तिथल्या बालाजीला जातात. शेजाऱ्यांसाठी त्या हिंदू, कवळ्याला त्या कुळावी, म्हणजे देवीच्या कुळातल्या. माझं सगळं संशोधन या दोन नात्यांच्या मधे उभं आहे, आणि मला वाटतं गोव्याने या विषयाला देण्यासारखं हेच आहे.

लोकांशी बोलायला लागलात की तुमची मुलाखत आधी होते. ‘बाय, तुजें कुळदैवत खंयचें?’ हा प्रश्न चुकत नाही. सरळ उत्तर द्या. त्या उत्तरावर कोण किती मोकळं बोलेल हे ठरतं, आणि तेही टिपून ठेवायची गोष्ट आहे.

कतालोगावर मात्र विसंबून राहू नका. बहुतेक ठिकाणी ती पुरुषांची यादी आहे. परदेशात धर्म चालवतात त्या बायका. ओटी, व्रतं, चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली फळाफुलांची सजावट, त्यांच्याकडून कळते. रानातली कांगलांसारखी फळं आणि सुपारीचे शिपटे, म्हणजे घोस, मिळत नाहीत तिथे सफरचंदं, ढोबळी मिरची आणि मक्याची कणसं टांगलेली माटोळी मी फोटोत पाहिली आहे. कुठलं फळ चालेल, कुठलं नाही, यावर सासू-सुनेत झालेली चर्चा तासभर ऐकली. असे तास सोडू नका. शिवाय महाजनांवर बरंच लिहिलं गेलंय. आखातात किंवा बोटीवर काम करणारा, शिरगावच्या लईराईच्या जत्रेसाठी रजा टाकून येणारा धोंड, म्हणजे देवीचा व्रतस्थ भक्त, अभ्यासात फारसा दिसत नाही. त्याला तिथलं नागरिकत्व मिळत नाही, त्यामुळे त्याची ओळख पूर्णपणे गावातच राहते. त्याला अभ्यासात जागा नसणं अन्यायाचं आहे, आणि नव्या लोकांनी इथेच काम करावं.

लिस्बनबद्दल एक सावधगिरी. तिथले हिंदू म्हणजे आपले गोंयकार, गोव्याचेच लोक, असं इथे बसून वाटतं. तिथला हिंदू समाज मुख्यतः गुजराती आहे, त्यातल्या अनेकांची मुळं दीवमध्ये, आणि 1975 मध्ये मोझांबिक ही पोर्तुगीज वसाहत स्वतंत्र झाल्याच्या सुमारास ते पोर्तुगालला गेले. लुमियारमधलं राधाकृष्ण मंदिर त्यांचं.

भाषांबाबत गोव्याच्या विद्यार्थ्याचं पारडं जड आहे. घरी कोंकणी, देवळात आरती आणि कीर्तन मराठीत. परदेशात हाच माणूस गणपतीला महाराष्ट्र मंडळात जातो आणि कोंकणी संमेलनालाही वर्गणी देतो. तो कुठे कधी जातो हे विचारा, उत्तरं भरभरून मिळतात. पोर्तुगीज मात्र पहिल्याच वर्षी शिकायला घ्या, 1961 पर्यंतचं दफ्तर त्यात आहे. त्याआधीच्या खाजगी कागदांसाठी मोडी लागते.

नोकरीचं स्पष्ट सांगते. आपल्याकडे धर्म-अभ्यासाचे स्वतंत्र विभाग मोजकेच, त्यामुळे समाजशास्त्र किंवा इतिहासात एम.ए. करून नेट ही पात्रता परीक्षा द्या. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडीचा खर्च निघतो. प्राध्यापकाच्या जागा कमी निघतात. त्या निघेपर्यंत पोर्तुगीज आणि मोडी वाचणाऱ्याला लिप्यंतराची कामं मिळतात, आणि त्याच कागदांतून पुढचा प्रबंध उभा राहतो.