मॅरेथॉनची लक्ष्यवेळ कशी ठरवावी: केनियाकडून काय घ्यावं, नागपुरात काय करावं

दिवाळी सरली की नागपुरात पहाटेची वर्दळ वाढते. फुटाळ्याच्या काठाने, सेमिनरी हिल्सच्या चढावर, अंबाझरीच्या बाजूला पळणारे दिसू लागतात आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या तोंडी एकच आकडा असतो: ‘सब फोर’, म्हणजे चार तासांच्या आत 42.195 किलोमीटरची मॅरेथॉन. हा आकडा कुठून आला असं विचारलं, तर कुणी मित्राचं नाव सांगतो, कुणी मोबाइलमधल्या अ‍ॅपचं. स्वतःच्या मागच्या शर्यतीवरून तो काढलेला असतो, असं क्वचितच होतं.

चुकीच्या लक्ष्यवेळेची किंमत 30 किलोमीटरनंतर मोजावी लागते. तोवर सगळं छान चाललेलं असतं. पुढचे 12 किलोमीटर मात्र चालत, थांबत, मांड्या दाबत काढावे लागतात आणि चार महिन्यांच्या मेहनतीचा आनंद मिळत नाही. म्हणून वेळ ठरवण्याचं काम सरावाइतकंच गांभीर्याने करायला हवं. जगातले अव्वल धावपटू ते कसं करतात ते आधी पाहू, मग आपल्याकडे वळू.

१. जगाचे आकडे आपल्या मापात वाचा

केनियाच्या केल्विन किप्टम याने 8 ऑक्टोबर 2023 रोजी शिकागोत 2:00:35 अशी वेळ देऊन विश्वविक्रम केला, म्हणजे 2 तास 35 सेकंद. नुसतं वाचून यातलं काही कळत नाही. आपल्याकडे रेशीमबागेच्या किंवा मानकापूरच्या मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना 1600 मीटर म्हणजे काय ते पायांनी माहीत आहे. किप्टमचा वेग 1600 मीटरला 4 मिनिटं 34 सेकंद असा पडतो. त्या वेगाने 1600 मीटर एकदा पळून दाखवणारी पोरंही मोजकीच असतात. किप्टमने ते न थांबता सलग 26 वेळा केलं. पुढच्याच फेब्रुवारीत, अवघ्या 24व्या वर्षी, तो रस्ता अपघातात गेला.

आता भारताचा आकडा. शिवनाथ सिंह यांनी 1978 मध्ये जालंधरला 2:12:00 अशी वेळ दिली आणि तो राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून जास्त टिकला. त्यांचा वेग 1600 मीटरला बरोबर 5 मिनिटं. तोवरची जगातली सर्वोत्तम वेळ होती डेरेक क्लेटनची 2:08:33, म्हणजे आपण साडेतीन मिनिटं मागे होतो. किप्टमच्या वेळेशी तुलना केली तर हेच अंतर 11 मिनिटं 25 सेकंद होतं. शिवनाथ सिंह आपल्या जागी ठामच होते, जग पुढे निघून गेलं. टोकियो ऑलिंपिकसाठीची पात्रता वेळ 2:11:30 होती, म्हणजे आपल्या त्या विक्रमापेक्षाही वेगवान. पॅरिसला ती 2:08:10 झाली. मला हे वाचताना वाईट वाटतं, पण लक्ष्य ठरवायचं असेल तर आकड्यांकडे सरळ पाहावंच लागतं.

२. विक्रम किती हळू सरकतो ते पाहा

2003 मध्ये पॉल टेरगटने बर्लिनला 2:04:55 केलं. तिथपासून किप्टमपर्यंत 20 वर्षांत विश्वविक्रम नऊ वेळा झाला आणि एकूण फरक पडला 4 मिनिटं 20 सेकंदांचा. सरासरी काढली तर वर्षाला 13 सेकंद. तेही जगातले सर्वांत तयार पाय, सपाट आणि थंड रस्ता, आखून दिलेले पेसर (ठरलेल्या वेगाने पुढे पळून वेग धरून देणारे) एवढं सगळं असताना. टेरगटपासून 2022 मधल्या एलियुड किपचोगेपर्यंतचे आठही विक्रम बर्लिनचेच आहेत. किपचोगेने 2019 मध्ये व्हिएन्नाला 1:59:40 केलं, पण तिथे पेसर आळीपाळीने बदलत होते आणि पाणी सायकलवरून हातात मिळत होतं, म्हणून ती वेळ विक्रम म्हणून धरली गेली नाही.

मला यापेक्षाही जपानचं उदाहरण शिकण्यासारखं वाटतं. तिथला पुरुषांचा राष्ट्रीय विक्रम 2002 पासून 2:06:16 वर अडकला होता. मग तिथल्या कंपन्यांच्या धावपटू संघांच्या महासंघाने तो मोडणाऱ्याला 10 कोटी येनचं बक्षीस जाहीर केलं. विश्वविक्रम मोडा, असं कुणी म्हटलं नाही. लक्ष्य होतं स्वतःच्या पुढची एक पायरी. 2018 मध्ये युता शितारा 2:06:11 पळाला, फक्त 5 सेकंदांनी पुढे. त्याच वर्षी सुगुरु ओसाकोने 2:05:50 केलं, 2020 मध्ये 2:05:29, आणि 2021 मध्ये केंगो सुझुकी 2:04:56. सोळा वर्षं हलला नव्हता तो विक्रम तीन वर्षांत सव्वा मिनिटाहून जास्त खाली आला, पाच, एकवीस, एकवीस आणि तेहतीस सेकंदांच्या उड्या घेत.

तुमची मागची मॅरेथॉन 4:40 ला, म्हणजे 4 तास 40 मिनिटांत, झाली असेल, तर पुढची 3:59 धरू नका. 4:25 धरा. नवख्याला जपान्यांपेक्षा मोठी उडी घेता येते, कारण त्याच्याकडे सुधारायला जागा जास्त असते. तरी एका हंगामात 40 मिनिटं कमी करणारे फार थोडे, आणि त्यांनीही बहुधा आधी कधी नीट सरावच केलेला नसतो.

३. केनिया-इथिओपियाकडून पद्धत घ्या

वर सांगितलेले नऊ विक्रम सहा केनियन आणि एका इथिओपियन धावपटूने केले. हे वर्चस्व कशामुळे, याचं उत्तर लोक ‘त्यांच्या रक्तातच आहे’ असं देऊन मोकळे होतात. कारणं अनेक आहेत. केनियातलं इटेन गाव साधारण 2,400 मीटर उंचीवर आहे. विरळ हवेत वाढलेल्या शरीराला ऑक्सिजन वापरण्याची सवय असते. लहानपणापासून पायी चालणं-पळणं, हलके पाय, आणि शेतीवर भागत नसलेल्या घराला एका शर्यतीच्या बक्षिसाने उभं करता येतं ही जाणीव. पण मला सर्वांत वजनदार वाटतं ते गटाचं. पहाटे सहाला मातीच्या रस्त्यावर पन्नास-साठ जण एकत्र निघतात, त्यात विश्वविजेताही असतो आणि काल आलेला पोरगाही. कोण किती पाण्यात आहे हे रोज सगळ्यांसमोर दिसतं. अशा ठिकाणी कुणी हवेतली लक्ष्यवेळ सांगत नाही.

या वर्चस्वाला काळी किनारही आहे. 2013 मध्ये विश्वविक्रम करणाऱ्या विल्सन किपसांगवर उत्तेजक चाचणीसाठी ठावठिकाणा न कळवल्याबद्दल आणि दिशाभूल केल्याबद्दल 2020 मध्ये चार वर्षांची बंदी आली. म्हणून तिथला प्रत्येक आकडा डोळे झाकून पूजू नये.

नागपूर समुद्रसपाटीपासून 310 मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे उंचीचा लाभ विसरा. गट मात्र उभा करता येतो. आपल्यापेक्षा थोडे वेगवान दोघे, बरोबरीचे दोन-चार आणि एखादा अनुभवी काका एवढं पुरतं. आठवड्यातून एक लाँग रन (लांब पल्ल्याची धाव) सगळ्यांनी एकत्र करायचा. बाकी दिवस हळू पळायचं. किपचोगेसारखे धावपटूही सोप्या दिवशी सुरुवात रमतगमत करतात. आपल्याकडे रोजचा रन म्हणजे कालच्यापेक्षा दहा सेकंद वेगात, हा जो हट्ट असतो, त्याने पाय ताजे राहतच नाहीत.

४. स्वतःचा पुरावा काढा

आता खरं गणित. लक्ष्यवेळ काढण्यासाठी गेल्या दोन महिन्यांतली हाफ मॅरेथॉन (21.1 किलोमीटर) हा सर्वांत भरवशाचा आधार. पीटर रीगेल या अमेरिकन अभियंत्याने मांडलेलं सूत्र जगभर वापरलं जातं. त्यानुसार हाफची वेळ 2.085 ने गुणली की मॅरेथॉनचा अंदाज मिळतो. हाफ 2:00 असेल तर मॅरेथॉन 4:10. हाफ 1:50 असेल तर 3:49. चार तासांच्या आत यायचं असेल तर हाफ 1:55 ला हवी. 10 किलोमीटरची वेळ हाताशी असेल तर ती 4.6 ने गुणा, म्हणजे चार तासांसाठी 10 किलोमीटर 52 मिनिटांत यायला हवेत.

अनेक जण हाफची वेळ दुप्पट करतात आणि वर पाच मिनिटं जोडतात, म्हणजे दोन तासांच्या हाफवरून 4:05 धरतात. किप्टमची हाफची सर्वोत्तम वेळ 58:42 होती आणि मॅरेथॉन 2:00:35, म्हणजे गुणक 2.054. आठवड्याला 250 किलोमीटरहून जास्त पळणाऱ्या माणसालाही दुपटीवर तीन मिनिटं लागली. दोन तासांच्या हाफला हाच गुणक लावला तर 4:06 येतं. आपण किप्टमपेक्षा चांगला दम टिकवू, असं धरायला काही आधार नाही.

सूत्राचा अंदाज भरपूर सराव असलेल्यालाच लागू पडतो. तुमचं आठवड्याचं अंतर 40 किलोमीटरच्या खाली असेल, तर त्यात आणखी 10 ते 15 मिनिटं मिळवा. पहिलीच मॅरेथॉन असेल तर वेळ ठरवूच नका. नीट, हसत पोहोचणं एवढंच ठेवा.

५. नागपूरची हवा हिशेबात धरा

मॅरेथॉनसाठी उत्तम तापमान साधारण 10 अंशांच्या आसपास. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे जवळपास तसंच असतं, आणि इथेच फसगत होते. समजा तुमचं लक्ष्य जानेवारीच्या तिसऱ्या रविवारची मुंबई मॅरेथॉन आहे. अठरा आठवडे मागे मोजलं की सराव सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतो. तेव्हा हवा दमट, मग ऑक्टोबरचा उन्हाळा. या काळात घड्याळातला पेस (किलोमीटरला लागणारा वेळ) पाहून निराश होऊ नका, श्वासावरून पळा: बोलता आलं पाहिजे, तोच इझी रन. नोव्हेंबर उजाडला की तोच श्रम किलोमीटरला वीस-तीस सेकंद वेगात जाऊ लागतो. त्यातला काही भाग सरावाचा असतो, बराचसा थंडीचा.

मुंबईत ती थंडी नसते, दमटपणा असतो आणि शर्यतीच्या उत्तरार्धात पेडर रोडचा चढ. हायले लेमी या इथिओपियन धावपटूने 2023 मध्ये मुंबईत 2:07:32 असा मार्गविक्रम केला. त्याची स्वतःची सर्वोत्तम वेळ 2:04:33 आहे, म्हणजे मुंबईतल्या सर्वांत चांगल्या दिवशीही तो तिच्यापेक्षा अडीच टक्क्यांच्या आसपास मागे होता. चार तासांवर तेवढे टक्के धरले तर सहा मिनिटं होतात. तो तर ऊन चढण्याआधीच पोहोचला होता. आपल्याला शेवटचा तास उन्हात काढायचा असतो. म्हणून डिसेंबरमध्ये नागपुरात दिलेल्या हाफवरून मुंबईची वेळ काढताना सात-आठ मिनिटं सरळ वाढवा.

६. तीन लक्ष्यवेळा लिहून ठेवा

शर्यतीच्या चार-पाच आठवडे आधी हाफ पळा आणि मग कागदावर तीन वेगवेगळ्या लक्ष्यवेळा लिहा. सगळं जुळून आलं तर मिळेल ती, बहुधा मिळेल ती, आणि दिवस वाईट गेला तरी समाधान देईल ती. उदाहरणार्थ 4:10, 4:18, 4:30. शर्यत मधल्या वेळेच्या पेसने सुरू करायची. चार तासांसाठी किलोमीटरला 5:41 मिनिटं लागतात, साडेचारसाठी 6:24. हातातलं घड्याळ वळणांमुळे 42.195 पेक्षा थोडं जास्त अंतर दाखवतं, म्हणून किलोमीटरला तीन-चार सेकंद शिल्लक ठेवा.

७. पहिला अर्धा भाग आवरून पळा

शिकागोत किप्टमने पहिला अर्धा भाग 60:48 मिनिटांत केला आणि दुसरा 59:47 मिनिटांत. किपचोगे 2022 च्या बर्लिनमध्ये 59:51 ने गेला आणि दुसऱ्या भागाला त्याला 61:18 लागले. तोही विक्रमच होता, पण आधी घाई केली की नंतर फेडावं लागतं हे त्याच्याही बाबतीत दिसतं. तुम्ही पहिले पाच किलोमीटर ठरवलेल्या पेसपेक्षा किलोमीटरला 5 ते 10 सेकंद हळू जा. पाणी तहान लागायच्या आधीपासून, इलेक्ट्रोलाइट (क्षारांचं पाणी) आणि एनर्जी जेल सरावात वापरलेलेच. शर्यतीच्या सकाळी तर्री-पोहे नकोत, हे नागपूरकराला सांगायला जिवावर येतं, पण नकोतच.

भरतीवाल्या पोरांसाठी थोडं वेगळं

तुमचे 1600 मीटर चांगले येत असतील आणि कुणी थेट मॅरेथॉन सुचवत असेल, तर थांबा. किपचोगे 2003 मध्ये 5,000 मीटरचा विश्वविजेता झाला आणि पहिली मॅरेथॉन पळाला 2013 मध्ये. किप्टम सरळ रस्त्यावर उतरला हे खरं, पण तो अपवाद आहे. मानकापूरच्या ट्रॅकवर 5,000 आणि 10,000 मीटरला दोन-तीन वर्षं द्या. शिवनाथ सिंह सैन्यातले होते. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 2:15:25 देणारा गोपी टी. आणि त्याच्या एकाच सेकंदाने मागे आलेला खेताराम हेही सैन्यातलेच. आपल्याकडे इटेनसारखा गट सैन्यातच तयार होतो, त्यामुळे भरती ही तुमच्यासाठी धावण्याचीही वाट आहे.

शर्यतीनंतर

दोन ते तीन आठवडे वेगाचा सराव नाही. चालणं, सायकल, हलकं पळणं बास. मार्च लागला की ऊन तापतं, तेव्हा अंतर कमी करून 5 आणि 10 किलोमीटरच्या वेगावर काम करा आणि सात वाजायच्या आत घरी या. नवतप्यात तर नुसतं पाय मोकळे ठेवणं पुरे. पावसाळ्यात हळूहळू अंतर वाढवा, आणि पुढची लक्ष्यवेळ डिसेंबरमधली हाफ झाल्यावरच कागदावर लिहा.