पगारवाढ कशी मागावी: लेटर येण्याआधीचं काम

इन्क्रिमेंटचं लेटर हातात पडलं, आकडा बघून चेहरा उतरला आणि मग बॉसची वेळ मागितली, तर उशीर झालेला असतो. एप्रिल ते मार्च वर्ष धरणाऱ्या बहुतेक कंपन्यांत वाढीची रक्कम आधीच ठरून येते आणि मॅनेजर ती टीममध्ये वाटतो. तुमचं म्हणणं वाटणीच्या आधी त्याच्या कानावर पडायला हवं. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत.

१. एका पानाची नोंद

‘वर्षभर मरमर काम केलं’ हे सगळेच म्हणतात. कोणत्या कामाला आधी किती दिवस लागायचे आणि आता किती लागतात, कोणत्या ग्राहकाची कौतुकाची मेल आली, सोडून गेलेल्या सहकाऱ्याचं काम कोणी उचललं, हे लिहा. शेवटचा मुद्दा सगळ्यात वजनदार. ती जागा भरलेली नसेल तर कंपनीचा तेवढा पगार वाचतोय, हे बॉसला पक्कं ठाऊक असतं.

२. हातात किती येणार?

सीटीसी (कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च) ९ लाख, वाढ १० टक्के. वर्षाला ९०,०००, महिन्याला साडेसात हजार. आता पे-स्लिप काढा. बेसिक (मूळ पगार) सीटीसीच्या निम्मं असेल, तर वाढीतले ४५,००० बेसिकमध्ये गेले. पीएफ पूर्ण बेसिकवर कापत असतील, तर तुमचा १२ टक्के हिस्सा ५,४००, कंपनीचाही ५,४००, कारण तोही बहुधा सीटीसीतच धरलेला असतो. ग्रॅच्युइटीचे (नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचे) बेसिकच्या ४.८१ टक्के, सुमारे २,१६५. शिवाय सीटीसीच्या दहा टक्के व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा पगार) असेल तर ९,००० वर्षअखेरच्या भरवशावर. हे सगळं वजा केलं की दरमहा हातात वाढले जेमतेम ५,६७०. (पीएफ १५,००० च्या मर्यादेवरच कापत असतील, म्हणजे महिना १,८००, तर जास्त येतील.) पीएफ आपलाच असतो, मान्य, पण बोरिवलीत अकरा महिन्यांचा करार संपल्यावर घरमालक वाढवतो ते भाडं त्यातून देता येत नाही.

तुमच्याच कामाचा बाहेरचा भाव नुकतीच नोकरी बदललेल्या मित्रांना विचारा. मग हातात हवी ती रक्कम ठरवून तिच्यावरून उलटं गणित करत सीटीसीचा आकडा काढा.

३. प्रत्यक्ष बोलणं

लिफ्टमध्ये किंवा टपरीवर कटिंग पिताना विषय काढू नका. ‘सर, पगाराबद्दल थोडं बोलायचं होतं. या आठवड्यात अर्धा तास कधी मिळेल?’ एवढं पुरे. मुंबईच्या ऑफिसात बोलणं बरेचदा हिंदी-इंग्रजीत होतं, तेव्हा आकड्याचं वाक्य त्याच भाषेत घरी दोनदा म्हणून बघा.

भाडं, हप्ते, मुलांची फी हा तुमचा घरचा हिशेब, तिथे काढायचा नाही. नोंदीतली तीन कामं सांगा, आकडा सांगा आणि गप्प बसा. ही शांतता फार अवघड जाते. समोरचा काही बोलायच्या आत ‘म्हणजे थोडं कमी असलं तरी चालेल’ असं आपणच म्हणून मोकळे होतो. चहाचा घोट घ्या, पण बोलू नका.

४. ‘बजेटच नाही’ म्हणाले तर

अनेकदा ते खरंही असतं. तेव्हा विचारा: ‘मग सहा महिन्यांनी पुन्हा बघता येईल का? त्यासाठी माझ्याकडून काय हवं?’ व्हेरिएबल कमी करून ठरलेला पगार वाढवणं, वरचं पद, विरारहून चर्चगेट गाठणाऱ्याला आठवड्यातून दोन दिवस घरून काम, हेही मागता येतं. ठरलं ते त्याच संध्याकाळी मेलवर टाका. मॅनेजर बदलला की तोंडी शब्द त्याच्याबरोबर जातात.

दुसऱ्या कंपनीच्या ऑफरची धमकी मात्र जायची खरी तयारी असेल तरच. ‘जा मग’ म्हणाले तर नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड त्याच खुर्चीत काढायचा असतो.

मालकाच्या पेढीत असाल तर

मशीद बंदर, भुलेश्वरच्या पेढ्यांत एचआर नसतं, शेठ असतो. तिथे दिवाळीचं पाकीट हीच पगारवाढ समजण्याची पद्धत आहे. दोन्ही वेगळे ठेवा. बोनसचा कायदा लागू असलेल्या ठिकाणी पात्र कामगाराला किमान ८.३३ टक्के बोनस हा हक्कच आहे, मेहरबानी नव्हे. पाकीट घ्या, ‘थँक यू शेठ’ म्हणा आणि महिन्याच्या पगाराचं बोलणं दिवाळीच्या गर्दीनंतर, दुकान शांत असताना काढा.