टाइम ऑफिसच्या स्क्रीनवर पगार कशाला? इआरपीनेक्स्टमध्ये रकाने लपवायची रीत

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी ऑफिस सांभाळते आणि त्यासोबत इआरपीनेक्स्टही, म्हणजे कंपनीच्या सगळ्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर. नवीन कामगार आला की त्याची पहिली नोंद टाइम ऑफिसमध्ये, म्हणजे हजेरीच्या ऑफिसात होते. नाव, जन्मतारीख, पत्ता, कुठल्या खात्यात घेतलं, हजर झाल्याची तारीख, एवढंच टाइमकीपरला भरायचं असतं. पण ज्या 'एम्प्लॉयी' फॉर्मवर हे भरायचं, त्याच फॉर्मवर बँकेचा खाते क्रमांक, सीटीसी (कंपनीला त्या माणसावर वर्षाला येणारा एकूण खर्च, म्हणजे पगाराचा आकडा), आरोग्याचा तपशील असं सगळं असतं. टाइम ऑफिसचं टेबल गेटला लागून. पाळी बदलताना तिथे रांग लागते आणि स्क्रीन रांगेकडे तोंड करून असते. कोणाला किती पगार आहे हे त्या रांगेत कळणं मला अजिबात मान्य नाही. भट्टीसमोर उभं राहून कमावलेल्या पैशाचा आकडा ज्याचा त्यानेच सांगावा.

'रकाना लपवायचा कसा' असं कोणी विचारलं की मी आधी एकच गोष्ट विचारते: फॉर्मवरची गर्दी कमी करायची आहे, की ती माहिती त्या माणसापर्यंत पोचूच द्यायची नाही? ही दोन वेगळी कामं आहेत आणि इआरपीनेक्स्टमध्ये त्यांची हत्यारंही वेगळी आहेत. खाली व्हर्जन १५ धरून सांगते.

गर्दी कमी करणं सोपं. वरच्या शोधपट्टीत 'कस्टमाइझ फॉर्म' टाइप करा, फॉर्म म्हणून 'एम्प्लॉयी' निवडा. खाली सगळ्या रकान्यांची यादी येते. हव्या त्या ओळीचं एडिट उघडा, 'हिडन'वर टिक करा, वर 'अपडेट' दाबा. झालं. आमच्याकडे कधीच न भरले जाणारे रकाने, पासपोर्टचा तपशील वगैरे, मी असेच काढून टाकले. भरणाऱ्याचा वेळ वाचतो आणि चुकीच्या जागी काहीबाही टाइप होत नाही. एक अडचण मात्र येते. रकाना सक्तीचा असेल आणि त्याला आधीच ठरवलेली किंमत नसेल तर सिस्टिम तो लपवू देत नाही. आणि ते बरोबरच आहे, दिसतच नाही ते माणूस भरणार कसं?

काही रकाने ठरावीक वेळीच दाखवायचे असतात. त्यासाठी त्याच एडिटमध्ये 'डिपेन्ड्स ऑन' आहे. एम्प्लॉयी फॉर्ममध्ये याचा नमुना तयारच मिळतो. 'सॅलरी मोड'मध्ये बँक निवडली तरच बँकेचं नाव आणि खाते क्रमांक समोर येतात. स्वतः करायचं असेल तर सगळ्यात सोपा मार्ग टिकच्या चौकोनाचा. आम्ही 'ठेकेदारामार्फत' असा एक चौकोन वाढवला आणि ठेकेदाराच्या नावाच्या रकान्याला 'डिपेन्ड्स ऑन'मध्ये त्या चौकोनाचं फील्डनेम, म्हणजे सिस्टिममधलं आतलं नाव दिलं. कोड लिहावा लागला नाही. टिक केली की रकाना येतो, काढली की जातो. लक्षात ठेवायचं ते इतकंच, की रकाना गेला तरी त्यात आधी भरलेलं नाव पुसलं जात नाही. ते डेटाबेसमध्ये तसंच राहतं आणि उद्या ठेकेदारवार यादी काढली की त्यात येतं. म्हणून टिक काढायच्या आधी नाव रिकामं करायला टाइमकीपरला शिकवून ठेवा.

आता पगाराकडे. पगारासाठी 'हिडन' वापरू नका. क्लायंट स्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा छोटा कोड) लिहून रकाना गायब करणंही नको. दोन्हीत मजकूर ब्राउझरपर्यंत आलेलाच असतो, फक्त पडद्यावर मांडला जात नाही. पटत नसेल तर रकाना हिडन करा, एफ१२ दाबा, नेटवर्कचा टॅब उघडून एखाद्या कामगाराची नोंद उघडा आणि सर्व्हरकडून आलेल्या उत्तरात खाते क्रमांक शोधा. सापडेल. शिवाय हिडनमुळे तो रकाना सगळ्यांनाच दिसेनासा होतो, पगारपत्रक करणाऱ्यालाही.

माहिती राखायची तर 'पर्म लेव्हल' वापरायची. प्रत्येक रकान्याला ० ते ९ मधला एक स्तर देता येतो आणि मुळात बहुतेक रकाने ० वर असतात. कस्टमाइझ फॉर्ममध्ये सीटीसी आणि बँक खात्याच्या रकान्यांना १ द्या आणि अपडेट करा. त्या क्षणापासून ॲडमिनिस्ट्रेटर सोडून कोणालाच ते दिसणार नाहीत, एचआर मॅनेजरलाही नाही. म्हणून हे काम महिनाअखेरीला, पगार चालू असताना करू नका, आणि करायच्या आधी पगार बघणाऱ्यांना सांगा. लगेच 'रोल परमिशन्स मॅनेजर' उघडा (रोल म्हणजे यूजरला दिलेली भूमिका; त्याला काय बघता-करता येईल ते तिच्यावर ठरतं), एम्प्लॉयी निवडा, नवा नियम जोडा: रोल एचआर मॅनेजर, लेव्हल १, आणि त्यावर रीड व राइट. ज्या रोलला लेव्हल ० चा नियमच नाही त्याला १ चा देता येत नाही, तेव्हा आधी ० आहे ना ते पाहा.

टाइमकीपरसाठी वेगळा रोल काढावा. आम्ही त्याला 'टाइम ऑफिस' असंच नाव दिलं. त्याला लेव्हल ० वर रीड, राइट, क्रिएट द्या. एक्स्पोर्टची टिक काढा, कारण साडेतीनशे माणसांचे पत्ते आणि फोन एका फाइलमध्ये पेनड्राइव्हवर जाण्याचं गेटवर काही कारण नाही.

स्तर हे जिन्याच्या पायऱ्या नाहीत. २ मिळाला म्हणून १ आपोआप मिळत नाही. याचा उपयोगही होतो. फाउंड्रीत वाळूची धूळ असते, छातीच्या तपासण्या होतात, आणि 'हेल्थ डिटेल्स'मध्ये त्याचा मजकूर येतो. तो मी २ वर ठेवला. पगार करणाऱ्याला कोणाच्या फुप्फुसांबद्दल कळायची गरज नाही आणि आरोग्याची नोंद ठेवणाऱ्याला कोणाच्या सीटीसीबद्दल.

लेव्हल १ चा रकाना सक्तीचा ठेवला तर टाइमकीपरला नवी नोंद सेव्हच करता येणार नाही. सक्ती काढा. मग राहून गेलेलं शोधायला एचआरने एम्प्लॉयीच्या यादीवर 'खाते क्रमांक, नॉट सेट' अशी गाळणी लावायची. आमच्याकडे पगाराआधी हे बघितलं जातं.

आधारचं वेगळं सांगते, कारण तिथे लपवण्याच्या आधीचा प्रश्न आहे. पीएफच्या यूएएनला, म्हणजे सदस्याच्या कायमच्या क्रमांकाला, आधार जोडावं लागतं, म्हणून पूर्ण १२ आकडे ऑफिसला लागतात. गेटला लागत नाहीत. आधार देणारी यूआयडीएआय ही संस्था स्वतःच मास्क्ड आधार देते, ज्यात पहिले ८ आकडे झाकलेले आणि शेवटचे ४ उघडे असतात. तेच धोरण फॉर्मवर ठेवा: शेवटच्या ४ आकड्यांचा रकाना लेव्हल ० वर, पूर्ण क्रमांकाचा लेव्हल १ वर, आणि पूर्ण क्रमांक एचआरने स्वतः भरायचा.

इतकं करूनही माहिती बाजूने गळू शकते. खाते क्रमांक सॅलरी स्लिपवरही असतो, आणि एम्प्लॉयीवरची लेव्हल तिथे लागू होत नाही. प्रत्येक फॉर्मचा स्वतःचा हिशेब. म्हणून टाइम ऑफिस रोलला सॅलरी स्लिपचा नियमच देऊ नका. 'फेच फ्रॉम'ने दुसऱ्या फॉर्मवर आणलेल्या रकान्याला तिथे वेगळी लेव्हल द्यावी लागते. एसक्यूएल लिहून केलेला क्वेरी रिपोर्ट लेव्हल जुमानत नाही, तेव्हा तो रिपोर्ट कोणत्या रोलला उघडतो ते तपासा. हाताने बनवलेला प्रिंट फॉरमॅट असेल तर तोही एकदा प्रिंट करून बघा. आणि 'यूजर परमिशन' या नावाने फसू नका. तिने कोणाच्या नोंदी दिसाव्यात ते ठरतं, नोंदीतले कोणते रकाने दिसावेत ते नाही.

तपासणी ॲडमिनिस्ट्रेटरच्या लॉगिनवरून करण्यात अर्थ नाही, त्याला सगळंच दिसतं. एक चाचणीचा यूजर काढा, त्याला फक्त टाइम ऑफिस रोल द्या, इन्कॉग्निटो खिडकीत लॉगिन करा. फॉर्म बघा, रिपोर्ट व्ह्यूमध्ये 'पिक कॉलम्स' उघडून सीटीसी यादीत येतं का बघा, प्रिंट बघा, आणि तीच एफ१२ ची तपासणी पुन्हा करा. आता सर्व्हरच्या उत्तरात खाते क्रमांक नसला पाहिजे.

दोन रकाने मात्र कृपा करून लपवू नका: रक्तगट, आणि आणीबाणीत कोणाला फोन करायचा तो नंबर. सुरक्षेच्या उत्साहात सगळं वैयक्तिक पान लेव्हल १ ला टाकलं की हेही जातात. रात्रपाळीला वितळलेलं लोखंड कोणाच्या पायावर पडलं तर एचआर मॅनेजर घरी झोपलेला असतो आणि कॉम्प्युटरसमोर टाइमकीपरच असतो. त्याच्यासाठी ते दोन रकाने मी फॉर्मच्या अगदी वर, नावाखाली ओढून ठेवलेत. कस्टमाइझ फॉर्ममध्ये ओळ माउसने धरून वर नेली की जागा बदलते.

रोल एकत्र होतात, हे शेवटचं. एखाद्याला सुट्टीच्या काळात बदली म्हणून एचआर मॅनेजर दिला आणि काढायचा राहिला, तर टाइम ऑफिसचा त्याचा बंदिस्तपणा तिथेच संपतो. कोणी खातं बदललं की यूजरचं पान उघडून जुने रोल त्याच दिवशी काढा.